भिंतीवाचूनच्या पाठशाळा

आयर्लंडमध्ये १६९५ च्या कायद्याने कॅथलिकांना शाळा चालविण्याची मनाई झाली, तेव्हा तेथील फिरते मास्तर कुंपणाच्या आडोशास, पुढे गोठ्यांत व झोपड्यांत, मुले शिकवू लागले. १७८२ नंतर मनाई सैल झाली आणि १८३१ मध्ये सरकारी शाळांची योजना निघाल्यावर ह्या कुंपणशाळा ओसरत गेल्या. त्यांच्या स्थानिक आठवणी मात्र १९३७ ते १९३९ ह्या काळात तेथील लोकसाहित्य आयोगाने शाळकरी मुलांकरवी, त्यांच्या वडीलधाऱ्यांना विचारून, लिहून घेतल्या. शिकविणाऱ्याची आठवण तेथे शिकणाऱ्यांच्या नातवंडांनी सांगितली, हा त्या संग्रहाचा खरा विशेष होय.

काशीतही विद्या इमारतीवाचून नांदत होती. फ्रेंच वैद्य बर्निए ह्याच्या १६६७ च्या पत्रात तिचे चित्र आहे: गुरू आपापल्या घरी किंवा सावकारांच्या बागांत बसतात, कोणाजवळ चार शिष्य, कोणाजवळ सहा-सात, फार नामांकित असला तर बारा-पंधरा, दहा-बारा वर्षे हे चालते आणि पोटाला धनिकांनी पुरविलेली खिचडी असते. खिचडीची नोंद परक्यानेच करावी, ह्याचे नवल नाही. घरच्या माणसाला ती सांगण्यासारखी वाटत नाही.

घरच्यांनी काय सांगितले, हे 'गाधिवंशानुचरिता'त दिसते. विश्वामित्रगोत्री रामेश्वरभट्ट पैठणचे. अध्यापन करीत त्यांनी दूरदूरचा प्रवास केला. द्वारकेच्या वाटेवर १५१३ च्या सुमारास नारायणभट्टांचा जन्म झाला, आणि शेवटी हे कुटुंब काशीस स्थिरावले. ही हकिकत लिहिणारे शंकरभट्ट हे नारायणभट्टांचे पुत्र. म्हणजे गुरूचा इतिहास येथे गुरूच्या नातवाने लिहिला. त्यात नावाजलेल्या शिष्यांना स्थान आहे. पण अध्ययन संपवून गावी परतणारा सामान्य विद्यार्थी त्यात कोठून असणार?

तुलना फार ताणू नये. काशीत अध्यापनास कायद्याची मनाई नव्हती, उलट दात्यांचा आश्रय होता. आयरिश मास्तर शेतकऱ्यांच्या मुलांकडून मिळेल ती फी घेई, तर ह्या बागांत शेतकऱ्याच्या मुलास प्रवेशच नव्हता. ही दुसरी गोष्ट आपण सहसा दबक्या आवाजात सांगतो.

तरीही ह्या अध्यापनाचे सामर्थ्य थोडे नव्हे. ह्याच घराण्यातील कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' १६१२ चा. शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठ ह्यांचा 'व्यवहारमयूख' पुढे मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांत प्रमाण मानला गेला. आणि दिनकरभट्टांचे पुत्र गागाभट्ट १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी रायगडी आले. मराठी वाचकाला ह्या परंपरेतला बहुधा तेवढाच एक प्रसंग स्मरतो, आणि तोही राजाच्या निमित्ताने. पैठणहून निघालेल्या गुरूची वाट आपणांस ठाऊक आहे. काशीहून परतलेल्या विद्यार्थ्याची वाट शोधावयाची, तर देशावरील व कोकणातील जुन्या घरांची दप्तरे आणि तेथे सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी धुंडाळाव्या लागतील.