धावपट्टी नको असलेलं लढाऊ विमान

लढाऊ विमान म्हटलं की धावपट्टी आलीच. पण दुसऱ्या महायुद्धात जपानने धावपट्टीच नको, असं लढाऊ विमान बनवलं होतं. चाकं काढली, पोटाखाली होडीच्या आकाराचा मोठा फ्लोट लावला, दोन्ही पंखांखाली एकेक छोटा. पाण्यावरून उडायचं, लढायचं, पुन्हा पाण्यावरच उतरायचं. डोकं भन्नाट! तरीही ही कल्पना फसली. का फसली, ते समजून घेण्यासारखं आहे.

जपानची अडचण खरी होती. प्रशांत महासागरात शेकडो बेटं घ्यायची होती. बेटावर जंगल, दलदल, खडक. ते सपाट करून धावपट्टी बांधायला बुलडोझर लागतात आणि तिथेच जपान कमी पडत होता. बरंचसं काम मजुरांच्या फावड्या-टोपल्यांवर चालायचं. पण बेट म्हणजे भोवती पाणी. मग पाण्यालाच धावपट्टी करू!

त्या काळचं जपानचं गाजलेलं विमान म्हणजे 'झिरो'. नाकाजिमा कंपनीने त्यालाच फ्लोट बसवले. डिसेंबर १९४१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. अमेरिकनांनी त्याला सांकेतिक नाव दिलं 'रूफ'. एकूण ३२७ विमानं बनली. फक्त एक किंमत मोजावी लागली. चाकांचं झिरो ताशी सुमारे ५३० किलोमीटर जायचं, हे कसंबसं ४३५. हवेत एवढं ओझं लटकवून फिरायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

आता ७ ऑगस्ट १९४२ हा एकच दिवस बघा. सॉलोमन बेटांमध्ये तुलागीजवळ ही विमानं पाण्यात नांगरून ठेवलेली होती. पहाटे अमेरिकन विमानं आली आणि उडायच्या आतच सगळी जाळून टाकली. त्याच दिवशी समोरच्या ग्वादालकनाल बेटावर अमेरिकन सैनिक उतरले. तिथे जपानी महिनाभर धावपट्टी बांधत होते, कोरियातून आणलेले मजूर राबत होते. अर्धवट धावपट्टी अमेरिकनांच्या हाती लागली. जपान्यांनी मागे टाकलेले रोलर आणि ट्रक वापरूनच त्यांनी ती पुरी केली आणि २० ऑगस्टला त्यांची पहिली लढाऊ विमानं तिथे उतरली. पुढे ग्वादालकनालची सगळी लढाई या एका धावपट्टीभोवती फिरली.

उत्तरेला, अलास्काच्या अल्युशियन बेटांवर तेच. किस्का बेट जपानने जून १९४२ मध्ये घेतलं आणि तिथे हीच फ्लोटवाली विमानं ठेवली. तिथलं वादळ म्हणजे काय सांगावं! शत्रूची गोळी न लागताच कित्येक विमानं लाटांनी फोडली. अमेरिकन मात्र ऑगस्टअखेर अडाक बेटावर उतरले, एका खाजणातलं पाणी बाहेर काढलं आणि दोनेक आठवड्यांत तिथे धावपट्टी तयार! किस्कावरची जपानची धावपट्टी जुलै १९४३ मध्ये बेट सोडेपर्यंत अपुरीच राहिली.

दरम्यान कावानिशी कंपनी मुळापासून नवं फ्लोटवालं लढाऊ विमान बनवत होती. नाव 'क्योफू', म्हणजे जोराचा वारा. इंजिन ताकदवान, वेग ताशी ४९० च्या आसपास. मे १९४२ मध्ये पहिलं उड्डाण झालं. पण ते मोठ्या संख्येने तयार होईपर्यंत नवी बेटं जिंकायचे दिवस संपले होते, जपान मागे हटत होता. अमेरिकेचं हेलकॅट ताशी ६०० च्या वर जात होतं. शेवटी ९७ वर उत्पादन थांबलं.

कावानिशीच्या इंजिनिअरांना मात्र मानलं पाहिजे. क्योफू अजून चाचणीत असतानाच त्यांनी त्याचे फ्लोट काढून चाकं लावायला घेतली. डिसेंबर १९४२ मध्ये ते नवं विमान उडालं. तेच 'शिदेन'. त्याची सुधारलेली आवृत्ती १९४५ मध्ये अमेरिकन वैमानिकांना चांगलीच जड गेली. म्हणजे ज्या विमानाला धावपट्टी नको होती, त्याचं सोनं झालं ते धावपट्टीवर आल्यावरच. तोवर युद्ध हातातून गेलेलं.

मला या कथेत विमानापेक्षा फावडं आणि बुलडोझर जास्त दिसतात. पायाचं काम जमत नाही म्हणून हुशारीने वळसा घातला आणि त्या वळशाची किंमत कमी वेगाच्या विमानात बसलेल्या पोरांनी जिवानिशी मोजली. जुगाड वाईट नसतो, वेळ निभावून नेतो. पण जुगाड सुरू झाला की मूळ काम मागे पडतं.

वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितोय. दर उन्हाळ्यात टँकर मंजूर होतात, त्याचे फोटो येतात. पाइपलाइनचं काम 'प्रगतिपथावर' असतं. तुमच्या गावात काय परिस्थिती आहे? कमेंटमध्ये सांगा.