गोटमार आणि प्रेक्षकाची जागा

श्रावण अमावास्येला पोळा होतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपूर शहरात काळी व पिवळी मारबत मिरवीत नेऊन गावाबाहेर जाळतात. त्याच दिवशी नागपूरच्या वायव्येस जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव ही दोन गावे समोरासमोर उभी राहतात व एकमेकांवर दगड फेकतात. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवलेले असते आणि त्यावर झेंडा बांधलेला असतो. सावरगावकरांनी तो राखावयाचा, पांढुर्णेकरांनी तो हस्तगत करावयाचा, आणि शेवटी तो चंडीमातेच्या देवळात अर्पण व्हावयाचा, असा या उत्सवाचा क्रम आहे. त्याचे नाव गोटमार. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा मुलूख मध्यप्रदेशात राहिला आणि 2023 साली पांढुर्णा व सौसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. परंतु राजभाषा कोणतीही असो, गोटा आणि मार हे दोन शब्द मराठीच आहेत.

उत्सवाच्या उगमाविषयी दोन कथा सांगतात. एकीत पांढुर्ण्याचा तरुण सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडू लागला असता दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले आणि ते दोघेही पात्रातच गतप्राण झाले. दुसरीत हा एका जुन्या सैन्याचा नदीकाठचा युद्धसराव आहे. दोहोंपैकी एकीलाही कागदाचा आधार नाही, आणि दंतकथेची उलटतपासणी घेण्याचा आमचा विचारही नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. दोन्ही कथांत दगड मारणारे आहेत आणि दगड खाणारे आहेत. पाहणारा कोणीच नाही. आजच्या गोटमारीत मात्र पाहणारेच अधिक असतात. ते काठांवर, घरांच्या गच्च्यांवर, वाटेवर, जेथे पाय ठेवावयास जागा मिळेल तेथे उभे असतात. खेळणारा केव्हा दमून पाहणारा होतो आणि पाहणारा केव्हा पायाशी पडलेला गोटा उचलून खेळणारा होतो, हे सांगता येत नाही. गोटमारीचा सारा अनर्थ आम्हांस या एका गोष्टीत दिसतो. नदीने दोन पक्षांमधली रेघ आखून दिली आहे. खेळणारा आणि पाहणारा यांच्यामधली रेघ मात्र आजवर कोणी आखलेली नाही.

हा अनर्थ लहान नाही. दर वर्षी जखमींची गणना शेकड्यांत होते. कित्येकांचे डोळे गेले, कित्येकांचे प्राण गेले. 1978 आणि 1987 या साली पोलिसांचा गोळीबारही झाला. शासनाने उपाय केले नाहीत असे नाही. जमावबंदीचे हुकूम निघतात, दारूची दुकाने बंद ठेवतात, गोफणीस मनाई होते, दवाखान्याचे तंबू पडतात, रुग्णवाहिका तयार असतात. अलीकडे आकाशातून चित्रण करणारी यंत्रेही फिरतात. या शतकाच्या आरंभी दगडांऐवजी रबरी चेंडू पुरविण्याचा प्रयोग झाला. तो लोकांनी मानला नाही आणि हात पुन्हा गोट्यांकडे वळले. या सर्व उपायांचे परीक्षण केले तर एक गोष्ट ध्यानात येते. कोणी शस्त्र बदलू पाहिले, कोणी नशा रोखू पाहिली, कोणी जखमीची सोय केली. रणभूमीचा आकार आणि प्रेक्षकाचे स्थान यांस मात्र कोणी हात लावला नाही.

या जागी अमेरिकेतील एक इतिहास आठवतो. तेथील विद्यापीठांचा फुटबॉल हा आपल्या गोव्याच्या फुटबॉलसारखा पायांचा खेळ नव्हे. त्यात चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाच्या अंगावर तुटून पडावयाचे असते. 1905 साली या खेळात इतके तरुण मेले की तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींस ऑक्टोबर महिन्यात आपल्या निवासस्थानी बोलावून घेतले. खेळ बंद करा असे म्हणणारे पुष्कळ होते, आणि काही विद्यापीठांनी तो बंद केलाही. परंतु 1906 साली जे नवे नियम झाले त्यांनी खेळ न मारता त्याची रचना बदलली. चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली, त्यामुळे एकाच जागी देहांचा ढीग पडण्याचे कारण उणावले. आणि दोन्ही रांगांमध्ये चेंडूच्या लांबीएवढा एक तटस्थ पट्टा मोकळा ठेवावा असे ठरले. मृत्यू एका वर्षात थांबले नाहीत, नियम पुढेही बदलत राहिले. पण मार्ग तेथून सुरू झाला.

याच सुमारास प्रेक्षकाचीही व्यवस्था होत होती. येल विद्यापीठाने 1914 साली जमीन खोदून, निघालेली माती भोवती रचून, सुमारे 70,000 माणसे बसतील असे वाडग्याच्या आकाराचे क्रीडागार उभारले. वाचकांनी हे परदेशचे कौतुक समजू नये. त्याच्या दोन वर्षे आधी, 1912 साली, कोल्हापुरात शाहू महाराजांचे खासबाग मैदान तयार झाले होते. मध्ये कुस्तीचा हौदा, भोवती चढत जाणारी बैठक, आणि कोठेही बसले तरी मल्ल दिसावा अशी योजना. जत्रेतल्या कुस्तीत प्रेक्षक आखाड्याच्या कडेला रेटारेटी करीत असे. खासबागेने त्याला आपली जागा दिली. ज्याला बसल्या जागेवरून दिसते तो पुढे घुसत नाही, हे साधे तत्त्व त्या बांधणीच्या मुळाशी आहे.

पण जागा बांधली म्हणजे प्रेक्षक तीत येऊन बसतोच असेही नाही, आणि याचा धडाही अमेरिकेनेच दिला. तेथे सामन्याच्या दिवशी लोक सकाळपासून क्रीडागाराबाहेरच्या आवारात गाड्या लावतात, गाडीची मागली फळी खाली पाडून तीवर खाद्यपेये मांडतात, मांस भाजतात, मद्य पितात. या प्रघाताला टेलगेटिंग म्हणतात. आपल्या जत्रेत देवळाबाहेर जसा बाजार भरतो आणि कित्येकांची जत्रा त्या बाजारातच संपते, तसाच हा प्रकार. सामना सुरू झाला तरी मंडळी बाहेरच राहतात आणि आत बाके रिकामी राहतात, ही विद्यापीठांची जुनी तक्रार आहे. नोव्हेंबर 2011 मध्ये हार्वर्ड-येल सामन्याच्या दिवशी येलच्या आवारात एक मालवाहू गाडी गर्दीत शिरली आणि एका स्त्रीचा मृत्यू झाला. 2012 च्या आरंभी येलने नियम केले: मद्याची पिंपे आणावयाची नाहीत, मोठ्या मालवाहू गाड्या आवारात आणावयाच्या नाहीत, आणि सामना सुरू होताच बाहेरची मेजवानी बंद. दक्षिणेकडील विद्यापीठांच्या एका मोठ्या संघाने 2019 साली उलट वाट धरली आणि आतल्या सर्वसाधारण बैठकीतच बिअर व वाइन विकण्याची मुभा आपल्या सदस्य-विद्यापीठांस दिली. दोहोंपैकी कोणती वाट बरी हा वाद आमच्या कामाचा नाही. दारूविषयीचा नियम तेथे केवळ दारूपुरता नाही. प्रेक्षक केव्हा व कोठे असावा याविषयीचा तो नियम आहे, एवढेच येथे दाखवावयाचे आहे. पांढुर्ण्यास दुकान एक दिवस बंद होते, पण पिऊन आलेला माणूस कोठे उभा राहील याचे उत्तर त्या हुकुमात नसते.

आता कायद्याकडे वळू. गोटमारीचे समर्थक म्हणतात की दोन्ही गावे राजीखुशीने खेळतात, मग गुन्हा कोणता? 1860 च्या भारतीय दंडसंहितेच्या 87 व्या कलमात संमतीचे हे तत्त्व होतेच, आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 25 व्या कलमात तेच कायम आहे. तेथे उदाहरणही करमणुकीखातर तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे दिले आहे: लबाडी न करता खेळताना इजा झाली तर तो अपराध नव्हे. परंतु त्या कलमास तीन बंधने आहेत. संमती देणारा अठरा वर्षांवरील असावा. मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू नसावा. आणि ती होण्याचा संभव आहे हे ठाऊक नसावे. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे ही कायद्याच्या व्याख्येनेच जबर दुखापत आहे. गोफणीतून सुटलेल्या गोट्याने डोळा जाऊ शकतो हे जाम नदीकाठच्या लहान मुलासही ठाऊक आहे. म्हणजे खेळणाऱ्याची संमतीसुद्धा येथे अपुरी पडते. आणि गच्चीवर उभ्या असलेल्या म्हातारीने, बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराने तर संमती दिलेलीच नसते. ती मंडळी पाहावयास आलेली असतात, लढावयास नव्हे.

दुसरे समर्थन धर्माचे. राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदाने दिलेले धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. शिरूर मठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली सांगितले की धर्माचा गाभा कोणता हे मुख्यतः त्या धर्माच्या सिद्धान्तांवरूनच ठरवावयाचे. उडुपीच्या मठांशी ज्यांचा घरोबा आहे अशा आमच्या वाचकांस हा निर्णय अपरिचित नसावा. ती कसोटी येथे लावून पाहा. गोटमारीत देवीला काय अर्पण होते? झेंडा. गोटा देवळात जात नाही, त्याची पूजा होत नाही, त्याचा प्रसादही होत नाही. दिवस मावळेपर्यंत झेंडा कोणाच्या हाती लागला नाही तर दोन्ही बाजूंची मंडळी समेट करून तो चंडीमातेकडे नेतात. म्हणजे दगडांवाचून झेंडा देवीस पोहोचू शकतो, हे परंपरा स्वतःच मान्य करते. आमच्या मते या खटल्यातला सर्वांत बळकट पुरावा हाच आहे, आणि तो बाहेरच्या कोणी नव्हे, त्या गावांनीच दिलेला आहे.

मग सरसकट बंदी का नको, असे कोणी विचारील. उत्तर गोव्यातच आहे. धिरयो, म्हणजे बैलांची झुंज, 1996 साली उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने बंद केली. त्याच वर्षी अशा एका झुंजीत बैलाने एका प्रेक्षकाचा जीव घेतला होता. न्यायालयाचा निर्णय कायद्याला धरून होता. तरी त्यानंतरही झुंजी चोरून होत राहिल्या, आणि चोरून होणाऱ्या खेळाला ना कुंपण, ना वैद्य, ना जबाबदार पंच. याउलट बैलगाडा शर्यतीचे पाहा. 2014 च्या निर्णयाने त्या बंद पडल्या होत्या. राज्यांनी कायदे दुरुस्त केले, नियम केले, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तमिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या दुरुस्त्याही वैध ठरविल्या. दुरुस्ती आणि नियम मिळून प्राण्यांचा छळ पुष्कळ कमी होतो, हे न्यायालयाने जमेस धरले. निव्वळ प्राचीनतेच्या बळावर परंपरा न्यायालयात टिकत नाही. तिने आपली रीत सुधारल्याचे दाखवावे लागते.

तेव्हा आमचे म्हणणे असे. झेंडा ठेवावा, नदी ठेवावी, दोन गावांची ईर्षाही ठेवावी. गोटा मात्र माणसाच्या अंगावरून हटवावा. झाडावर चढण्याची, झेंडा राखण्याची झुंज अंगबळाची होऊ द्यावी. खेळणाऱ्यांची नावे दोन्ही गावांच्या पंचांनी आधी लिहून घ्यावीत, अठरा वर्षांखालील कोणी नसावा, आरंभाची व अखेरीची वेळ बांधून द्यावी. आणि या सर्वांच्या आधी, फेकलेली वस्तू पोहोचणार नाही इतक्या अंतरावर, दोन्ही काठांना पायऱ्यापायऱ्यांची पक्की बैठक बांधावी. रबरी चेंडू फसले. कारण ते जुन्याच मैदानावर, जुन्याच गर्दीच्या हाती दिले गेले. पायाखाली गोट्यांची रास आणि मागून ओरडणारे हजारो लोक असताना हाती चेंडू कोण धरील? बैठकीवर बसलेल्या माणसाच्या हाताशी गोटा नसतो. तो ओरडेल, चिडवील, पण फेकणार नाही.

हा प्रश्न एकट्या सावरगावचा नाही. 2025 च्या मे महिन्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. तेथे दगड नव्हते आणि वैरही नव्हते. होती ती भक्ती आणि अपुरी वाट. आमच्या वाचकांत देवस्थानांचे महाजन आहेत, जत्रेचे मानकरी आहेत. पालखीचा मार्ग, मानाचा क्रम, दिवजांची वेळ हे सर्व आपण पिढ्यानपिढ्या लिहून ठेवले आहे. पाहावयास येणारा माणूस कोठे उभा राहील, कोठून आत येईल आणि कोठून बाहेर जाईल, याचे कलम बहुतेक ठिकाणी अजून कोरे आहे. पुढील जत्रेच्या सभेत महाजनांनी ते सर्वांआधी लिहावे, अशी आमची त्यांना विनंती आहे.