‘धाव’ म्हणणारा फोटोग्राफर

आजचा भाग फॅशन फोटोग्राफीच्या इतिहासावर आहे, आणि त्याला कारणीभूत माझी मामेबहीण. तिचं साड्यांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. गेल्या गौरी-गणपतीच्या आधी तिनं माझ्या हातात कॅमेरा दिला आणि गच्चीवर नेऊन उभं केलं. समोर इरकल नेसलेली तिची मैत्रीण. मी तासभर नुसत्या सूचना देत होतो. हनुवटी वर, डावा हात कमरेवर, आता हस. कोड लिहावा तशी एकामागून एक ओळ. पोरगी शेवटी दुकानातल्या पुतळ्यासारखी दिसायला लागली. तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि बहीण ओरडली, “अगं, दोरीवरचे कपडे काढ!” ती वळली, पदर सावरत पळाली, आणि त्या दिवसातला एकमेव बरा फोटो मिळाला.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की हे १९३३ सालीच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

त्याआधीची तऱ्हा पाहा. कॅमेरे मोठे, तिकाटण्यावर ठेवलेले, दिव्यांची मांडणी बारीक. अशा कामात मॉडेलनं हलायचं नाही, हीच मुख्य सूचना. १९३० साली व्होगसाठी जॉर्ज हॉयनिंगेन-ह्यूननं काढलेला एक प्रसिद्ध फोटो आहे. पोहण्याच्या पोशाखातली दोघं पाठमोरी बसून समुद्राकडे बघतायत. पण तिथे समुद्र नाहीच! ती पॅरिसमधल्या स्टुडिओची गच्ची आहे, आणि क्षितिज म्हणून जे दिसतं तो धूसर झालेला कठडा. फोटो सुंदरच आहे, मला फार आवडतो. पण त्यातली माणसं मूर्तीसारखी बसवलेली आहेत.

तीन वर्षांनी खरा समुद्र आला. कार्मेल स्नो या संपादिका व्होग सोडून हार्पर्स बझार मासिकात आल्या होत्या. त्यांनी मार्टिन मुनकाची या हंगेरियन माणसाला पोहण्याच्या पोशाखाचं काम दिलं. मुनकाची मूळचा खेळांचे फोटो काढणारा, बर्लिनच्या साप्ताहिकांत गाजलेला. फुटबॉलपटूला कोण ‘हनुवटी वर’ सांगणार? तिथे धावणाऱ्याच्या मागे कॅमेरा न्यायचा असतो.

जागा न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा किनारा, दिवस थंडीचा. मॉडेल ल्युसिल ब्रोकॉ, श्रीमंत घरातली तरुणी. मुनकाचीला इंग्रजी येत नव्हतं. तो हातवारे करत काहीतरी सांगू पाहत होता, आणि ते कळेपर्यंत सगळे गोंधळले. त्याला हवं होतं एवढंच, की तिनं आपल्याकडे धावत यावं. फॅशनच्या फोटोत असं कुणी मागितलंच नव्हतं. ती धावली, अंगावरचं वस्त्र मागे उडालं, आणि डिसेंबर १९३३ च्या अंकात तो फोटो छापून आला. त्यात तिचा चेहरा काही विशेष नीट दिसत नाही. पण ते कपडे घालून माणूस काय करू शकतो, हे दिसतं.

मला यातली गंमत अशी वाटते, की भाषा येत नव्हती हेच त्याच्या पथ्यावर पडलं. बारीक सूचना देणं शक्यच नव्हतं. त्यानं तिला करायला एक काम दिलं, हात-पाय कुठे ठेवायचे ते तिच्या शरीरानं ठरवलं.

मुनकाचीला गुरू मानणारा रिचर्ड अ‍ॅव्हेडन पुढे त्याच मासिकात आला. ऑगस्ट १९५५ मध्ये पॅरिसच्या सर्क दिव्हेर या सर्कशीत त्यानं डोव्हिमा या मॉडेलला हत्तींच्या मधोमध उभं केलं. अंगावर दिऑरचा काळा गाऊन, पांढरा लांब पट्टा. गाऊन केलेला मुलगा तेव्हा जेमतेम १९ वर्षांचा, नाव इव्ह सां लोराँ. हत्तींच्या पायांत साखळ्या आहेत, त्या फोटोत दिसतात. ही बाई मात्र एक हात उंचावून, दुसरा एका हत्तीच्या सोंडेवर ठेवून अशी उभी आहे, जणू हत्ती तिनंच पाळलेत.

आता असल्या जागी ‘घाबरू नकोस’ सांगून काय होणार? दोघांची गट्टीच तशी होती. त्याला काय हवंय ते त्यानं सांगण्याआधीच आपल्याला कळायचं, असं डोव्हिमानं पुढे सांगून ठेवलंय. म्हणजे आता दोन माणसं मिळून फोटो करत होती. अ‍ॅव्हेडनला मात्र तो फोटो कायम थोडा फसलेला वाटत राहिला. पांढऱ्या पट्ट्याची रेषा हत्तीच्या पायाशी जुळली नाही म्हणे! आपल्याला शंभरदा बघूनही कळणार नाही.

१९५७ च्या ‘फनी फेस’ सिनेमातला फोटोग्राफर अ‍ॅव्हेडनवरूनच बेतलेला, डोव्हिमाही त्यात एका छोट्या भूमिकेत आहे. लूव्रच्या जिन्यावरचा प्रसंग जरूर बघा. ऑड्री हेपबर्न लाल पोशाखात खाली येत असते, आणि फोटो काढ असं तीच फोटोग्राफरला ओरडून सांगते. सूत्रं कुणाच्या हातात गेली बघा.

निदान पडद्यावर तरी. प्रत्यक्षात मॉडेलला तासावर पैसे मिळत. डोव्हिमाचा दर त्या काळातल्या सर्वांत वरच्या दरांपैकी होता, पण चित्र फोटोग्राफरच्या नावावर. १९६० च्या दशकात तिनं मॉडेलिंग सोडलं. पुढे ती फ्लोरिडात एका पिझ्झाच्या हॉटेलात आलेल्या गिऱ्हाइकांना टेबल दाखवायचं काम करत होती. १९९० साली ती गेली. २०१० मध्ये हत्तींच्या त्या फोटोची एक मोठी प्रत पॅरिसमधल्या लिलावात ८ लाख ४१ हजार युरोला विकली गेली. ती घेतली दिऑर कंपनीनं.

बहिणीच्या दुकानाच्या पानावर तो दोरीवरच्या कपड्यांचा फोटो अजून आहे. खाली ‘छायाचित्र’ म्हणून माझं नाव होतं. मागच्या आठवड्यात मी तिला तिच्या मैत्रिणीचंही नाव टाकायला सांगितलं. ती म्हणाली, “आणि माझं? ओरडले कोण होते?”