वाफेचे तापन : मजल्यांमधील समतोल

बहुमजली इमारतीत एकाच बॉयलरची वाफ सर्व घरांतील रेडिएटरांना जवळपास एकाच वेळी मिळावी म्हणून केलेली जुळणी. न्यूयॉर्क शहरातील दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पाच-सहा मजली इमारतींत तिची गरज विशेष भासते. तेथे अजूनही अनेक ठिकाणी एकनळी पद्धत आहे : वाफ ज्या उभ्या नळातून वर चढते, त्यातूनच तिचे निवून झालेले पाणी खाली बॉयलरकडे उतरते. एक किलो वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता मोकळी होते. वाफ वर न्यायला पंपही लागत नाही.

बॉयलर थंड असताना नळ आणि रेडिएटर हवेने भरलेले असतात आणि ही हवा निघाल्याशिवाय वाफ आत शिरत नाही. म्हणून तक्रार वाफेची असली, तरी दुखणे बहुधा हवेचे असते. प्रत्येक रेडिएटरवर हवा सोडणारा लहानसा व्हेंट असतो. वाफ लागताच तो आपोआप मिटतो. बॉयलरजवळच्या घरांतली हवा लवकर निघते आणि ती आधी तापतात. दूरच्या घरांत वाफ पोचेपर्यंत बॉयलरची फेरी संपलेली असते. वरच्या मजल्याची उष्णता शिवाय छपरातूनही जाते.

जुळणी तळघरातून सुरू करतात. मुख्य नळाच्या टोकाशी आणि गरज पडल्यास उभ्या नळांच्या माथ्यावर मोठे व्हेंट बसवले, की वाफ सगळीकडे बरोबरीने पोचू लागते. त्यानंतरच रेडिएटरांकडे वळावे : जास्त तापणाऱ्यांना मंद व्हेंट, मागे पडणाऱ्यांना जलद. क्रम उलटा केला तर नवे व्हेंट घेऊनही तक्रारी तशाच राहतात.

खोली गार राहिली की दाब वाढवण्याचा मोह देखभाल करणाऱ्या ‘सुपर’ला होतो. त्याने इंधन तेवढे जास्त जळते. दर चौरस इंचाला एक-दोन पौंड दाब सहसा पुरतो. उकाड्याने वैतागलेला भाडेकरू रेडिएटरची चावी अर्धवट फिरवतो, तेही घातकच. वाफ आणि पाणी यांची वाट एकच असल्याने पाणी अडते, नळ ठणठणतात, व्हेंटमधून पाणी उडते. चावी पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवावी. रेडिएटरचा उतारही चावीकडेच हवा.

शहराच्या नियमानुसार १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत, बाहेरचे तापमान ५५° फॅ.च्या खाली गेल्यास घरात किमान ६८° फॅ. (२०° से.) ऊब द्यावी लागते, रात्री किमान ६२° फॅ. साहजिकच बॉयलर सर्वांत गार घराच्या हिशेबाने चालतो आणि इतरांना भर हिवाळ्यात खिडक्या उघडाव्या लागतात.

अशा घरांसाठी थर्मोस्टॅटिक झडप मिळते. एकनळी पद्धतीत ती वाफेच्या वाटेवर न बसवता रेडिएटर आणि व्हेंट यांच्यामध्ये बसवतात. खोली पुरेशी तापलेली असेल तर ती हवेची वाट रोखते आणि वाफ बाहेरच थांबते. रेडिएटर एकदा वाफेने भरला, की मात्र त्या फेरीपुरता तिचा उपयोग नसतो.