अ‍ॅक्टिव्ह साऊंड सिस्टीममध्ये ट्विटर का जळतो? तो वाचवायचा कसा?

इथं विषय सोशल मीडियाच्या ट्विटरचा नाही, स्पीकरमधल्या ट्विटरचा आहे. झांजांची खणखण, गाण्यातले स्पष्ट शब्द ऐकू येतात ते या छोट्या स्पीकरमुळे. साधारण २,००० ते २०,००० हर्ट्झचे बारीक आवाज तो वाजवतो.

समजा, शाहूवाडीतल्या एखाद्या गावात गणपतीचा कार्यक्रम सुरू आहे. लाईट जाते, जनरेटर सुरू होतो आणि स्पीकरमधून 'धप्प' असा आवाज येतो. त्यानंतर बेस वाजतो, पण शब्द दबलेले ऐकू येतात. म्हणजे बहुधा ट्विटर गेला.

अ‍ॅक्टिव्हमध्ये धोका जास्त का?

साध्या, म्हणजे पॅसिव्ह बॉक्सला बाहेरून एकच अ‍ॅम्प्लिफायर असतो. बॉक्समधला क्रॉसओव्हर आवाज विभागतो. त्यातला कपॅसिटर बेस आणि डीसी करंट ट्विटरपर्यंत जाऊ देत नाही.

अ‍ॅक्टिव्ह सिस्टीममध्ये आवाज आधीच विभागला जातो आणि प्रत्येक स्पीकरला वेगळा अ‍ॅम्प मिळतो. आवाज नेमका बसवता येतो, पण ट्विटर थेट अ‍ॅम्पला जोडलेला असतो. मध्ये अडवणारं कुणी नसतं. अ‍ॅम्प बिघडून डीसी आला, बेसची वायर चुकून ट्विटरच्या अ‍ॅम्पला लागली किंवा क्रॉसओव्हरचं सेटिंग चुकलं, तर केसासारख्या बारीक तारेची कॉईल क्षणात जळू शकते.

उपाय काय?

१. कपॅसिटर: ट्विटरच्या वायरमध्ये सिरीजमध्ये नॉन-पोलर कपॅसिटर लावतात. ८ ओहमच्या ट्विटरला २० मायक्रोफॅरड लावला, तर साधारण १,००० हर्ट्झच्या खालचा आवाज कमी होत जातो. क्रॉसओव्हर २,५०० हर्ट्झवर असेल, तर मूळ आवाजावर फारसा परिणाम होत नाही. कपॅसिटरचं व्होल्टेज अ‍ॅम्पच्या कमाल व्होल्टेजपेक्षा जास्त हवं.

२. लिमिटर: माईकची शिट्टी किंवा अति व्हॉल्यूममध्ये ट्विटरला जाणारा सिग्नल हा बारीक आवाजच असतो. तो कपॅसिटर अडवत नाही. त्यासाठी प्रोसेसरमध्ये ट्विटरच्या क्षमतेनुसार लिमिटर लावावा लागतो. थोडक्यात, कपॅसिटर चुकीचा सिग्नल अडवतो आणि लिमिटर जास्तीचा.

३. चालू-बंद करण्याचा क्रम: आधी मिक्सर, मग प्रोसेसर, शेवटी अ‍ॅम्प चालू करायचा. बंद करताना आधी अ‍ॅम्प. लाईट गेली, तर ती परत येण्याआधीच अ‍ॅम्पचा स्विच बंद करायचा.

४. पहिली चाचणी: नवी जोडणी केली की ट्विटर न जोडता आधी त्या अ‍ॅम्पला जुना, स्वस्त स्पीकर लावून कमी आवाजात ऐकायचं. बेस ऐकू आला, तर जोडणी चुकली आहे.

कंपनीच्या तयार पॉवर्ड बॉक्समध्ये लिमिटर आणि संरक्षण बहुतेक वेळा आधीच असतं. तो उघडून कपॅसिटर लावायची गरज नसते. वरचे पहिले दोन उपाय मुख्यतः रॅकमध्ये वेगवेगळे अ‍ॅम्प जोडून केलेल्या सिस्टीमसाठी आहेत. चालू-बंदचा क्रम मात्र सगळ्यांनीच पाळायला हवा.