बदलता न येणारी माहिती

पासवर्ड चोरीला गेला तर आपण नवा घेतो. पण जन्मतारीख चोरीला गेली तर? एप्रिल २०११ मध्ये हा प्रश्न जगभरातल्या कोट्यवधी खेळाडूंपुढे उभा राहिला.

सोनी कंपनीचं प्लेस्टेशन नेटवर्क ही इंटरनेटवरून खेळ खेळण्याची सेवा. खातं उघडताना नाव, पत्ता, ई-मेल, जन्मतारीख द्यावी लागे. १७ ते १९ एप्रिलच्या दरम्यान कुणीतरी तिच्या संगणकांत शिरलं. २० तारखेला कंपनीनं सेवा बंद केली. पण खेळाडूंची वैयक्तिक माहिती बाहेर गेल्याचं तिनं जाहीर केलं ते २६ तारखेला. खाती होती सुमारे ७ कोटी ७० लाख! १ मे रोजी टोकियोत कंपनीच्या अधिकाऱ्यांनी वाकून जाहीर माफी मागितली.

ही भीती मात्र नवी नव्हती. त्यासाठी आपण थोडं मागे जाऊ. १९६६ च्या सुमारास अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत अनेकजण मिळून एकच मोठा संगणक वापरत. तिथे एकदा दोन फायलींची अदलाबदल झाली, आणि रोजच्या सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड टर्मिनलवर छापून आले. चोर कुणीच नव्हता. पासवर्ड जसेच्या तसे लिहून ठेवले होते, एवढंच.

यावरची युक्ती त्याच दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिजला रॉजर नीडहॅम यांनी वापरली. गव्हाचं पीठ करता येतं, पिठाचे गहू करता येत नाहीत. तसंच गणिती क्रियेनं पासवर्ड ‘दळायचा’ आणि फक्त पीठ साठवायचं. आपण पुन्हा पासवर्ड दिला की तो पुन्हा दळायचा आणि दोन्ही पिठं ताडून पाहायची. राखणदाराला मूळ शब्द माहीत असण्याची गरजच उरत नाही.

सोनीनंही पासवर्ड असेच दळून ठेवल्याचं सांगितलं. कार्डांचे क्रमांक सांकेतिक रूपात होते. नाव, पत्ता, जन्मतारीख मात्र सरळ वाचता येतील अशी होती. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जानेवारी २०१३ मध्ये कंपनीला अडीच लाख पौंडांचा दंड केला. संगणकप्रणाली वेळेवर अद्ययावत केली असती तर हा हल्ला टाळता आला असता, असं त्यांचं म्हणणं होतं.

इथे एक विसंगती आपल्या ध्यानात येते. जे बदलता येतं ते जपलं गेलं. जे जन्मभर बदलत नाही ते उघडं राहिलं. पत्ता निदान घर बदलल्यावर बदलतो. जन्मतारखेचं काय?

पासवर्ड दळता येतो, कारण तो फक्त ताडून पाहायचा असतो. पत्ता मात्र वाचावाच लागतो, म्हणून तो दळून चालत नाही. तो सांकेतिक रूपात ठेवावा लागतो, नाहीतर मुळात मागूच नये. म्हणून वर्गात मुलांना एवढंच विचारून पाहू या : खेळणारा पुरेसा मोठा आहे की नाही, हे ठरवायला ‘हो’ किंवा ‘नाही’ पुरतं, मग जन्मतारीख कायमची कशाला ठेवून घ्यायची? मुलं काय उत्तरं देतात, ते ऐकण्यासारखं असेल.