मोटारीच्या नावातले दहा घोडे

१९९२ च्या मे महिन्यातली गोष्ट. धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, आमच्या काकांच्या घरामागे कडुलिंबाच्या सावलीत त्यांची अँबॅसॅडर उभी होती आणि तिच्या इंजिनाचे हेड उतरवून ठेवले होते. काका डॉक्टर. गाडी धूर फार सोडते आणि ऑइल पिते म्हणून मिस्त्रींना घरीच बोलावले होते. सिलिंडरची चार गोल तोंडे आम्ही भावंडांनी त्या दिवशी प्रथम पाहिली. आम्ही सातवी-आठवीत होतो, वृत्तचितीचे घनफळ नुकतेच शिकलो होतो. काकांनी पोलादी पट्टी आमच्या हातात दिली आणि म्हणाले, "नुसते बघत काय बसलात? इंजिन किती सीसीचे आहे ते मोजून सांगा."

व्यास ७४ मिलिमीटर भरला. मिस्त्रींनी पुढून हँडल घालून इंजिन सावकाश फिरवले, दट्ट्या तळाला नेला. वरपासून तिथपर्यंत पट्टी ८९ मिलिमीटर आत गेली. चार सिलिंडरांचे मिळून उत्तर आले १५३१ घनसेंटिमीटर. काकांनी गाडीचे आरसी बुक उघडले, तर तिथे १४८९! आम्ही तीनदा आकडेमोड केली. प्रत्येक वेळी १५३१ च.

या बेचाळीस घनसेंटिमीटरांचा उलगडा मिस्त्रींनी केला, तो पुढे सांगतो. आमच्या धाकट्या बहिणीने त्या वेळी आणखी एक प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर मात्र तिथे कुणालाच देता आले नाही. ती म्हणाली, "ही भोके एवढी खोल कशाला?" व्यासापेक्षा खोली खरोखरच बरीच जास्त होती. याचे उत्तर मिळायला आम्हाला पुष्कळ वर्षे लागली, आणि ते मिळाले यंत्रशास्त्राच्या नव्हे, ब्रिटनच्या करपद्धतीच्या इतिहासात.

अँबॅसॅडर ही मूळची इंग्रज गाडी. ब्रिटनमध्ये १९५६ साली मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका आली, तिचेच हे भारतीय रूप. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने ते १९५७-५८ च्या सुमारास काढले आणि २०१४ पर्यंत बनवले. पण त्याच कारखानदारांची त्याआधीची एक गाडी होती, 'हिंदुस्थान टेन'. तीही मॉरिसचीच, 'मॉरिस टेन'. या नावातला 'टेन' म्हणजे काय? दहा अश्वशक्ती, असे कुणीही सांगेल. पण त्या इंजिनाची प्रत्यक्ष शक्ती पस्तीसच्या वर होती. मग हे दहाच घोडे कुणी मोजले?

मोजले ते ब्रिटनच्या कर खात्याने. १९२१ पासून तिथे मोटारीवर दर अश्वशक्तीमागे एक पौंड वार्षिक कर बसला. प्रत्येक इंजिन यंत्रावर चढवून शक्ती मोजणे शक्य नव्हते, म्हणून रॉयल ऑटोमोबाइल क्लबचे एक सोपे सूत्र घेतले. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरांच्या संख्येने गुणा आणि अडीचने भागा. मॉरिस टेनचा व्यास बरोबर अडीच इंच. अडीचचा वर्ग सव्वासहा, त्याला चारने गुणले की पंचवीस, अडीचने भागले की दहा. झाले आपले दहा घोडे!

या सूत्रात स्ट्रोक, म्हणजे दट्ट्या वरून खाली किती जातो ती लांबी, कुठेच नाही. हे विसरून झालेले नाही. सूत्र करणाऱ्यांनी गृहीत धरले होते की कोणत्याही इंजिनात दट्ट्याचा सरासरी वेग मिनिटाला १००० फूट असतो. वेग ठरलेला असला की स्ट्रोक लांब असो वा आखूड, शक्ती फक्त दट्ट्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून राहते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे करून पाहावे: सरासरी दाब चौरस इंचाला ९० पौंड, दट्ट्याचा वेग मिनिटाला १००० फूट, चार धावांपैकी एकच शक्ती देणारी, कार्यक्षमता पाऊण, आणि एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. छेदात सुमारे अडीच येतात की नाही पाहा.

शतकाच्या सुरुवातीच्या इंजिनांना हे गृहीतक ठीक होते. पण एकदा त्यावर पैसे लागू लागले, तेव्हा कारखानदारांनी करायचे तेच केले. व्यास लहान ठेवला आणि वाढवायचे ते स्ट्रोकमध्ये वाढवले. (परीक्षेत जेवढे विचारतात तेवढेच शिकवले जाते, हे शिक्षकांना आम्ही वेगळे सांगायला नको.) मॉरिस एटचा व्यास ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर, मॉरिस टेनचा ६३.५ आणि ९०. अमेरिकेची फोर्ड टी या सूत्राने साडेबावीस घोड्यांची ठरे, त्यामुळे ब्रिटनमध्ये ती कराच्या ओझ्याने महागात जाई. १९२२ ची चिमुकली ऑस्टिन सेव्हन तिथल्या मध्यमवर्गाने डोक्यावर घेतली, त्याला हेही एक कारण होते.

हा कर १९४७ मध्ये नव्या गाड्यांवरून उठला. पण कर उठला म्हणून इंजिने एका रात्रीत बदलत नाहीत. साचे, यंत्रे आणि आराखडे करणाऱ्यांच्या सवयी मागे राहतात. त्याच वर्षी आलेल्या ऑस्टिन ए-४० च्या इंजिनाचा स्ट्रोक साडेतीन इंच होता. त्यातूनच पुढे १४८९ सीसीचे इंजिन निघाले, व्यास वाढला, स्ट्रोक साडेतीन इंचच राहिला. काकांच्या अँबॅसॅडरमध्ये आम्ही पट्टी घालून मोजलेले ८९ मिलिमीटर म्हणजे हेच साडेतीन इंच. बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे.

या सवयीतून बाहेर पडलेली गाडी पाहायची तर १९५९ ची फोर्ड अँग्लिया पाहावी. तिचा व्यास ८१ मिलिमीटर, स्ट्रोक फक्त ४८.४. एक लिटरची ही गाडी जुन्या सूत्राने सोळा घोड्यांची ठरली असती. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असताना तिचा दट्ट्या मिनिटाला सुमारे ३८७ मीटर धावे, अँबॅसॅडरचा ७११ मीटर. त्याच वर्षी ब्रिटनचा एम-१ हा महामार्ग खुला झाला, आणि तासन्‌तास भरधाव चालवण्यासाठी न घडवलेल्या कितीतरी जुन्या गाड्या त्याच्या कडेला वाफा सोडत उभ्या राहिल्या.

तिथल्या त्या पिढीच्या मोटारीच्या आठवणी थंडीच्या आणि टंचाईच्या आहेत. युद्धानंतर पोलाद मिळे ते माल परदेशी धाडणाऱ्यांना, त्यामुळे नव्या मोटारीसाठी इंग्रज कुटुंबांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. पेट्रोलचे रेशनिंग १९५० च्या मे महिन्यापर्यंत चालले, सुएझच्या पेचात १९५६ च्या अखेरीस पुन्हा काही महिने आले. हिवाळ्यात रात्री रेडिएटरमधले पाणी काढून टाकायचे, नाहीतर बर्फ होऊन इंजिन तडकायचे. सकाळी चोक ओढून हँडल मारायचे. गाडी घडली ती या हवेसाठी.

आणि आली आमच्याकडे. धाराशिव गावाला रेल्वे नव्हती. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी येडशीवरून जाई, तिथून गाव वीसेक किलोमीटर. ब्रॉडगेज गावात आली ती या शतकात. त्यामुळे जे काही यायचे ते बैलगाडीने किंवा रबरी चाकावर. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. सोलापूर मात्र ब्रिटिश मुलखात. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघालेली मोटार सरहद्दीवर पोचली की करोडगिरीचा नाका लागे, म्हणजे संस्थानची जकात. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांवर प्रवासी वाहतूक सुरू केली, त्या बसही स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या, अल्बियन कंपनीच्या. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली ती नळदुर्गच्या वाटेने, आणि चार-पाच दिवसांत तो नाका इतिहासजमा होण्याच्या मार्गाला लागला. योगायोग असा की भारतात मोटारी बनवण्याचे स्वप्न धरून बसलेले वालचंद हिराचंद हे याच सोलापूरचे. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पण त्यांनी धरलेला हात आधी अमेरिकेचा आणि मग कंपनीने इटलीच्या फियाटचा धरला. म्हणून आमच्या रस्त्यावर इंग्रज अँबॅसॅडर आणि इटालियन फियाट अशा दोनच वंशांच्या गाड्या जास्त दिसत.

सोलापूरहून येताना तुळजापूरचा घाट चढला की बालाघाटचे पठार लागते, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास. इथे पाणी शंभराला नाही, ९८ अंशांच्या जवळपासच उकळते. मे महिन्यात, चार माणसे अधिक सामान घेऊन, दुसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी घाटमाथ्यावर उभी करावीच लागे. काका झाकणावर ओले पोते टाकून ते अर्धाच आटा सैल करीत, वाफ जाऊ देत, मग डब्यातले पाणी ओतीत. ते पाणी बोअरचे. आमच्या भागातले बोअरचे पाणी जड, तापले की क्षार सोडणारे. घरच्या बंबात चढतो तसा थर रेडिएटरच्या नळ्यांत चढे आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी आणखी लवकर उकळे.

दुसरी खोड पेट्रोलची. इंजिनाच्या खोलीतला पेट्रोलचा पंप (रस्त्यावरचा नव्हे) तापला की आतच पेट्रोलची वाफ होई. पंप द्रव ओढू शकतो, वाफ ओढताना त्याला दम लागतो, आणि गाडी भर रस्त्यात बंद. उपाय सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक: पंपावर ओले फडके. हा आपला माठच. पण माठ सगळीकडे सारखा थंड करत नाही. धाराशिवला ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर वाऱ्यावर धरलेले ओले फडके २४ अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईच्या ३४ अंश आणि ६५ टक्क्यांत ते जेमतेम २८ पर्यंत येईल. बॉनेटखाली हवा जास्त तापलेली असते हे खरे, तरी आमच्याकडे अठरा अंशांचा आणि मुंबईत सहाच अंशांचा लाभ, हा फरक राहतोच. कोरड्या हवेचा आम्हाला झालेला हा एकमेव फायदा असावा!

एका उपायाबद्दल मात्र आमची तक्रार आहे. गाडी उकळते म्हटले की पुष्कळ मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकून देत. इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही छोटी झडप. 'विलायतेच्या थंडीसाठी आहे, इथे कशाला?' हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण झडप काढली की थंडीच्या सकाळी इंजिन बराच वेळ गारच राहते. जळणातून निघालेले पाणी आणि आम्ल सिलिंडरच्या भिंतीवर बसते, ऑइलचा थर धुतला जातो, भिंत झिजते. त्यात आमच्या रस्त्यांची धूळ. भिंत झिजली की ऑइल वर चढते आणि धुराड्यातून निळा धूर निघतो.

आता त्या बेचाळीस घनसेंटिमीटरांकडे वळू. आमची रडवेली तोंडे पाहून मिस्त्री हसले. "लेकरांनो, हिशेब बरोबर हाय तुमचा. बुक जुनं हाय." झिजलेले सिलिंडर याआधी एकदा सोलापुरात बोअरिंग करून मोठे केले होते आणि त्यात चाळीस थौचे ओव्हरसाइज पिस्टन बसवले होते. थौ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; चाळीस थौ म्हणजे एक मिलिमीटरला किंचित जास्त. मूळचा ७३ चा व्यास ७४ झाला होता. घनफळात व्यासाचा वर्ग येतो, म्हणून एका मिलिमीटरने चाळीसहून अधिक घनसेंटिमीटर वाढले. कागदावरची गाडी आणि अंगणातली गाडी वेगवेगळ्या होत्या, आणि तो फरक शाळकरी पोरांच्या पट्टीत सापडण्याएवढा मोठा होता. मिस्त्रींची भाषा तेव्हाही इंच, सूत आणि थौ यांचीच; मीटर-किलोचा कायदा १९५६ चा, पण पान्यांच्या पेटीपर्यंत तो पोचला नव्हता. त्या खेपेला आणखी वीस थौ वाढवून साठचे पिस्टन बसले.

त्या इंजिनाची आठवण आमच्या घरात निघते ती पुढच्या वर्षीमुळे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाने गाव दमून झोपले होते. उजाडताना बातमी आली की किल्लारीकडे आणि आपल्या जिल्ह्यात सास्तूरकडे घरे बसली आहेत. काकांनी औषधांची खोकी गाडीत भरली आणि किल्ली फिरवली, तर नुसती कट्‌ असा आवाज. बॅटरी उतरलेली. इंजिन फिरवायला स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर लागतात. ठिणगी पाडायला तीन-चार पुरतात. एवढी धुगधुगी त्या बॅटरीत होती. काकांनी हँडल घातले, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला (उलटा झटका बसला तर मनगट मोडू नये म्हणून), आणि दुसऱ्या ओढीला गाडी चालू झाली. दारातून ती सास्तूरकडे गेली, आणि काका परतले ते चौथ्या दिवशी.

गाडी पुढे विकली. नव्या गाडीचे बॉनेट उघडले की काळे प्लॅस्टिकचे झाकण दिसते आणि पुढे हँडल घालायला भोक नसते. ती कमी उकळते, कमी पेट्रोल पिते, धूर सोडत नाही. तिची बदनामी करण्याचे कारण नाही. जुने हँडल मात्र आम्ही ठेवून घेतले आहे, आणि साठ थौनंतर पुन्हा मोजून लिहिलेल्या आकड्याची वहीही. आरसी बुकात शेवटपर्यंत १४८९ च होते.